निळ्या घुमटाखालचा लोणा

समरकंदच्या रेगिस्तान चौकात तीन मदरसे उभे आहेत. त्यांतल्या मधल्याचा, म्हणजे तिल्ला-कारीचा, निळा घुमट तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असणारच. उझबेकिस्तानची जाहिरात त्याच्याशिवाय पुरी होत नाही. मदरसा बांधला गेला १६४६ ते १६६०च्या दरम्यान. घुमट मात्र १९७०च्या दशकातला. मूळ काम घुमटाच्या बुंध्यापाशीच थांबलं होतं, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या छायाचित्रांत त्या जागी नुसता बोडका गोल दिसतो. तो पुरा झाला सोव्हिएत काळात. आमच्या गाइड मुलीने हे सांगितलं तेव्हा मागे उभ्या असलेल्या मराठी गटातल्या एक काकू पुटपुटल्या, "म्हणजे एवढ्या लांब येऊन डुप्लिकेटच बघायचं!"

माझा नवरा मात्र खुलला. "कोणी केला? आतला सांगाडा कशाचा?" असे त्याचे प्रश्न सुरू झाले आणि बिचाऱ्या मुलीला पाठ केलेल्या मजकुराबाहेर यावं लागलं. त्याचं आयुष्य सांगली जिल्ह्यात, पाटबंधारे खात्यात गेलं. माझं कॉलेजात इतिहास शिकवण्यात. निवृत्तीनंतर अशा दोघांनी एकत्र प्रवास करायचा म्हणजे मला सनावळी हवी आणि त्याला पायाची खोली. शेवटी वर बघायचं मी आणि खाली बघायचं त्याने, अशी वाटणी आपोआप झाली.

त्याच चौकातला उलुघबेगचा मदरसा (१४१७ ते १४२०) सगळ्यांत जुना. त्याचा एक मिनार गेल्या शतकाच्या सुरुवातीला धोकादायक झुकला होता. न पाडता, आहे त्या जागी तो सरळ करण्यात आला तो १९३२मध्ये, व्लादिमिर शुखोव या अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे. मॉस्कोतला जाळीदार रेडिओ टॉवर बांधणारा हाच शुखोव. नवरा त्या मिनाराखाली इतका रमला की तेवढ्यात मी समोरच्या शेर-दोर मदरशाच्या कमानीवरचे वाघ, त्यांच्या पाठीवर उगवलेले माणसाच्या चेहऱ्याचे सूर्य आणि खालच्या ओवऱ्यांतली रेशमी स्कार्फांची दुकानं असं सगळं बघून आले. पूर्वी विद्यार्थी राहायचे त्या खोल्यांत आता दुकानं आहेत. भाव करावा लागतो, आणि तो हिंदीत करता येतो.

मला त्या काकूंचं म्हणणं पटलं नाही. हा भूकंपाचा मुलूख, बांधकाम सगळं विटेचं. दुरुस्ती झाली नसती तर इथे आज मातीचे ढिगारे दिसले असते. जुनी शहरं बघायला परदेशी गेलेला माणूस जे बघतो त्यातलं बरंचसं विसाव्या शतकातलं असतं, आणि कुणी ते लपवत नसेल तर त्यात फसवणूक नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. ती शेवटी.

*

आम्ही उतरलो ताश्कंदला. दिल्लीहून विमानाने तीनेक तास, व्हिसा घरबसल्या मिळतो, आणि विमानतळावर डॉलर दिले की लाखांच्या हिशेबात सोम हातात येतात. आमच्या पिढीला ताश्कंद म्हटलं की जानेवारी १९६६ आठवतो. १० तारखेला करार, त्याच रात्री लालबहादूर शास्त्रींचं निधन. संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण तेव्हा तिथेच होते. शास्त्रींच्या नावाचा रस्ता आहे, अर्धपुतळा आहे आणि हिंदी शिकवणारी शाळाही आहे. पुतळ्यापाशी गेलो तर आधीच कुणी तरी झेंडूची माळ घालून गेलं होतं.

त्यानंतर चारच महिन्यांत, २६ एप्रिल १९६६ला, भूकंपाने जुनं ताश्कंद जमीनदोस्त केलं. आज दिसतं ते रुंद रस्त्यांचं, झाडांचं, सोव्हिएत आखणीचं शहर आहे. बघण्यासारखी आहे ती मेट्रो. १९७७ साली सुरू झालेली, प्रत्येक स्थानक वेगळ्या नक्षीचं. २०१८पर्यंत तिथे फोटो काढायला बंदी होती. एरवी ताश्कंदला एक दिवस पुरे. चोरसू बाजारातल्या भल्यामोठ्या निळ्या घुमटाखाली सुकामेवा बघून पुढची गाडी पकडावी.

ही गाडी म्हणजे 'अफ्रोसियोब', स्पेनमध्ये बनलेली. समरकंदपर्यंतचं ३४४ किलोमीटरचं अंतर ती दोन तासांच्या थोड्या वर वेळात कापते. तिची तिकिटं आधी काढावीत, हंगामात मिळत नाहीत.

*

समरकंदला पहिला खटका उडतो तो तैमूरवरून. सोव्हिएत काळात तो जुलमी सरंजामदार ठरला होता. १९९१च्या स्वातंत्र्यानंतर तो राष्ट्रपुरुष झाला. ताश्कंदला घोड्यावर, समरकंदला सिंहासनावर, शाखरिसब्जला उभा असे त्याचे पुतळे आहेत आणि नवी जोडपी लग्नाच्या पोशाखात तिथे फोटो काढायला येतात. गाइड दर वेळी 'अमीर तैमूर' असं आदराने म्हणायची. मी डिसेंबर १३९८मधल्या दिल्लीचं नाव काढलं. मुलगी हसली. "मॅडम, इंडियावाले सगळेच हे विचारतात," एवढं बोलून ती पुढच्या कमानीकडे वळली. तिच्या हिंदीत तक्रारीला जागा नव्हती.

पण दिल्ली तिथे आहेच. दिल्लीहून परतल्यावर तैमूरने १३९९मध्ये बीबी खानुम मशीद बांधायला घेतली. इतिवृत्तकार सांगतात की हिंदुस्थानातून आणलेले पाथरवट तिच्यावर राबत होते आणि दगड ओढायला ९५ हत्ती होते. १४०४मध्ये क्लाविखो हा स्पॅनिश वकील दरबारात आला होता. प्रवेशद्वार बुटकं वाटलं म्हणून तैमूरने ते पाडून पुन्हा बांधायला लावलं, असं तो लिहून गेला आहे. घाई इतकी की मशीद पुरी होते न होते तोच नमाजाला आलेल्यांच्या अंगावर विटा पडू लागल्या. १८९७च्या भूकंपात उरलंसुरलंही ढासळलं. आज जी उभी आहे ती १९७४नंतरची. नवऱ्याने मान हलवली आणि खात्यातल्या एका जुन्या साहेबांची आठवण काढली, ज्यांना उद्घाटनाची तारीख आधी ठरवायची सवय होती.

गूर-ए-अमीर, म्हणजे तैमूरची समाधी, मुळात त्याच्यासाठी नव्हती. लाडका नातू मुहम्मद सुलतान १४०३मध्ये गेला, त्याच्यासाठी ती बांधली. तैमूरने स्वतःसाठी शाखरिसब्ज या जन्मगावी तळघर तयार ठेवलं होतं. पण चीनच्या मोहिमेवर निघालेला असताना १४०५च्या फेब्रुवारीत त्याला ओत्रार इथे मरण आलं, आणि नातवाशेजारीच त्याला ठेवलं गेलं. आत गेल्यावर आधी सोनं दिसतं. भिंतींवर, कमानींत, घुमटाच्या पोटात सगळीकडे सोनेरी वर्ख. मधोमध काळपट हिरव्या जेडची शिळा, नातू उलुघबेगने आणवलेली. तिला आडवी चीर गेली आहे. नादिरशहाने ती उचलून नेली तेव्हा तडा गेला, असं सांगतात. खरी कबर खाली तळघरात आहे. जून १९४१मध्ये गेरासिमोव या सोव्हिएत शास्त्रज्ञाने ती उघडली. उजव्या पायाचं हाड सांगत होतं की तो लंगडा होता हे खरंच. उघडल्यावर लगेचच, २२ जूनला, हिटलरने रशियावर हल्ला केला. शापाची गोष्ट प्रत्येक गाइड सांगतोच.

मला मात्र तिथे खुलताबाद आठवत राहिलं. तैमूरपासून दहाव्या पिढीतला औरंगजेब १७०७मध्ये नगरजवळ वारला आणि खुलताबादला, त्याच्याच इच्छेप्रमाणे, उघड्या आभाळाखालच्या साध्या मातीत पुरला गेला. बाबराने समरकंद तीनदा जिंकलं आणि तीनदा गमावलं. त्याच्या वंशजांच्या मनातून हे शहर कधी गेलं नाही. समरकंदहून आलेल्या एका कवीला जहांगीर तैमूरच्या समाधीच्या देखभालीला काय खर्च येतो ते विचारत होता. शाहजहानने १६४६-४७मध्ये बल्खवर फौजा धाडल्या, त्यांतल्या दुसऱ्या वर्षी सेनापती औरंगजेबच होता. समरकंद काही हाती लागलं नाही. बर्फातून, माणसं आणि जनावरं गमावत फौज परतली. पुढे तोच औरंगजेब आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं दक्षिणेत मराठ्यांशी झुंजत बसला. समरकंदचं सोनं पाहताना आपल्या मुलखात संपलेल्या या धाग्याचं दुसरं टोक हातात येतं. मला वाटतं, मराठी माणसाने समरकंदला जायला एवढं कारण पुरे आहे.

उलुघबेगची वेधशाळा थोडक्यात सांगते, कारण बघायला थोडंच उरलंय. चाळीस मीटर त्रिज्येचं वेधयंत्र. त्याचा जमिनीखालचा वाकडा चर तेवढा शिल्लक आहे. वरची इमारत नाहीशी झाली होती, जागाच कुणाला ठाऊक नव्हती. व्यात्किन या संशोधकाने ती १९०८मध्ये शोधली. एक हजार अठरा ताऱ्यांची यादी आणि वर्षाची लांबी एका मिनिटाच्या आतल्या चुकीने, हे १४३७ सालचं काम, दुर्बिणीच्या आधीचं. जयपूर आणि उज्जैनच्या वेधशाळा बांधणाऱ्या सवाई जयसिंहाने याच कोष्टकांवर पुढचं काम केलं. राजा म्हणून उलुघबेग कच्चा होता. १४४९मध्ये पोटच्या मुलाने त्याला मारवलं.

शाह-ए-जिंदा हा टेकडीवर चढत जाणारा समाध्यांचा बोळ. दोन्ही बाजूंना निळ्याच्या जेवढ्या छटा असतील तेवढ्या. खालच्या पायऱ्या चढताना आणि उतरताना मोजाव्यात, आकडा जुळला तर स्वर्ग नक्की, अशी तिथली समजूत. माझा जुळला नाही. नवऱ्याचा जुळला, पण त्याने पायऱ्यांची उंची सारखी नसल्याची तक्रार केली. २००५च्या सुमाराला इथलं टाइलकाम इतकं जोरात उरकलं गेलं की जाणकारांनी त्यावर टीका केली. काही कमानी खरोखरच कालच्या वाटतात.

समरकंदला रात्री रेगिस्तानवर रोषणाई असते आणि बीबी खानुमपासून तिथवर पादचारी रस्ता, बाकं, बग्ग्या. या रस्त्याच्या कडेने भिंत आहे. भिंतीत मध्ये मध्ये लहान दारं. आम्ही एका दारातून आत गेलो तर पलीकडे अख्खं जुनं समरकंद होतं. वळणावळणाचे मातीचे बोळ, उघडी गटारं, डोक्यावरून कमानीसारखे वळलेले गॅसचे पिवळे पाइप, दारात तंदूर, ओट्यावर गप्पा मारणाऱ्या बायका. भिंतींत लाकडी चौकटी आणि मध्ये माती भरलेली. भूकंपात चौकट हलते पण घर पडत नाही, असं नवऱ्याने समजावलं. एका आजींनी आम्हाला थांबवून गरम 'नॉन' हातात ठेवला. जाड कडांचा, मधे ठशाने टोचून नक्षी काढलेला समरकंदी नान. पैसे दिले तर रागावल्या. मी तो ओट्यावर पालथा ठेवला तर त्यांनी पटकन उचलून सुलटा केला. पालथा ठेवणं तिथे अन्नाचा अपमान. भिंत कशासाठी, असं मी नंतर गाइडला विचारलं. "टुरिस्ट को अच्छा दिखे," ती म्हणाली.

*

बुखारा वेगळं शहर आहे. इथे निळ्यापेक्षा विटेचा मातकट रंग जास्त, आणि जुनं गाव अजून पायी फिरण्याइतकं अखंड. आम्ही उतरलो ते लब-ए-हौजच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या ज्यू व्यापाऱ्याच्या घरात. बुखाऱ्यात शतकानुशतकं ज्यू वस्ती होती. सोव्हिएत संघ फुटल्यावर बहुतेक कुटुंबं इस्रायलला आणि न्यूयॉर्कला गेली, घरांची छोटी हॉटेलं झाली. मधे चौक, भोवती खोल्या, कोनाड्यांत प्लास्टरची फुलं. चौकात नाश्त्याला मनुके, अक्रोड, खडीसाखर आणि ग्रीन टी. मालक पहिला पेला भरायचा, परत किटलीत ओतायचा, असं तीनदा करून मग आपल्या पुढ्यात अर्धाच पेला ठेवायचा. अर्धा यासाठी की पाहुण्याने पुन्हा मागावा.

जेवणाचं सांगूनच टाकते. मी शाकाहारी, नवरा सगळं खाणारा. त्याला रोज पुलाव: गाजर, हरभरे, मेंढीचं मांस आणि वर शेपटीची चरबी. मला भात तेवढा वाढून द्यायची तयारी सगळीकडे होती, पण तो चरबीतच शिजलेला. तेव्हा लाल भोपळ्याचा समोसा, टोमॅटो-कांद्याची पातळ चिरलेली कोशिंबीर, नान आणि खरबूज यांवर माझं उत्तम चाललं. सप्टेंबर-ऑक्टोबरातलं तिथलं खरबूज खाल्ल्यावर घरचं गोड लागत नाही.

लब-ए-हौज म्हणजे १६२० साली बांधलेला हौद. साधारण ४२ बाय ३६ मीटर, चारही बाजूंनी दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात, कडेला हौदापेक्षाही जुनी तुतीची झाडं. संध्याकाळी अख्खं गाव इथे चहाला बसतं आणि गाढवावरचा मुल्ला नसरुद्दीन (पुतळा १९७९चा) पोरांच्या ओझ्याखाली दबून जातो. नवरा आधी हौदात पाणी आणणारा पाट कुठून येतो ते शोधायला गेला. बुखाऱ्यात पूर्वी असे कितीतरी हौद होते. पखालवाले कातडी पखालींतून पाणी घरोघर पोचवायचे. आणि त्याच पाण्यातून नारू यायचा.

नारू! हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. पायातून हातभर लांब किडा बाहेर येतो, तो काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळायचा, तुटला तर पाय सुजतो. आमच्या लहानपणी गावाकडे अशी माणसं दिसायची. पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाय बुडवून पाणी भरायचे, रोग तिथूनच पसरायचा. आपल्याकडे विहिरींऐवजी हातपंप आले, पाणी गाळून प्यायची मोहीम चालली आणि २०००मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. बुखाऱ्यात हे काम इसायेव नावाच्या सोव्हिएत डॉक्टरने १९३०च्या सुमारालाच उरकलं, पण त्याने हौदच कोरडे पाडायला लावले. नळ आले. नारू गेला. हौदांबरोबर बेडूक गेले आणि मनोऱ्यांवर घरटी करणारे करकोचेही गेले. करकोचे आता लोहारांच्या आळीत मिळतात. बुखाऱ्याची कात्री करकोच्याच्या आकाराची असते, चोच म्हणजे पाती. मी दोन घेतल्या.

कलान मिनार ११२७चा, सुमारे ४६ मीटर उंच. चंगीझखानाने १२२०मध्ये शहर जाळलं, पण मिनार ठेवला. तो वर बघताना त्याची टोपी पडली, ती उचलायला तो वाकला आणि माझी मान झुकवणारा हाच पहिला असं म्हणाला, ही गोष्ट. १९२०मध्ये लाल सेनेच्या तोफांनी त्याला जखमा केल्या, त्या बुजवल्या गेल्या. माझ्या मते मात्र बुखाऱ्यातली श्रेष्ठ इमारत दुसरीच, बागेच्या कोपऱ्यातली. इस्माईल सामानीची दहाव्या शतकातली समाधी. लहानसा चौकोन, वर घुमट, एकही टाइल नाही. भाजलेली वीट आडवी, उभी, तिरकी लावून केवळ सावल्यांची नक्षी काढली आहे, आणि ऊन सरकतं तशी ती बदलते. हजार वर्षांत हिला फार दुरुस्ती लागली नाही. बराच काळ ती माती आणि कबरींखाली अर्धी गाडलेली होती, म्हणून वाचली.

तिथून परतताना एका बंद पडलेल्या मशिदीच्या भिंतीपाशी नवरा उकिडवा बसला. "अगं, इकडे ये. लोणा बघ." जमिनीपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत विटांवर पांढरी भुकटी फुटली होती. त्याने नखाने खरवडलं तर वीट रव्यासारखी गळाली. याचं कारण त्याला पुस्तकात शोधावं लागलं नाही. कापसासाठी कालव्यांचं पाणी वर्षानुवर्षं शेतांत सोडलं की भूजल वर येतं. ते विटांमधून चढतं, क्षार घेऊन येतं. पाणी उडून जातं, मीठ भिंतीत फुगतं, वीट आतून फुटते. जुने गवंडी पाया आणि भिंत यांच्यामध्ये बोरूचा थर घालायचे. ओल तिथेच अडायची आणि भूकंपाचा धक्काही थोडा पचायचा. काही ठिकाणी दुरुस्तीत खाली सिमेंट थापलं आहे. ओल मग सिमेंटच्या मागून आणखी वर चढते. "वाळव्यात उसाला पाणी पाजून पाजून आपण जमीन क्षारपड केली, ती अशीच. फक्त तिथे मिनार नव्हते," तो म्हणाला.

त्यानंतर त्याने प्रत्येक शहरात मला भिंतीचा खालचा भाग दाखवला. खरं सांगायचं तर, इमारत जगणार की नाही ते तिथेच कळतं.

*

बुखाऱ्याहून खिव्याला जाणारा रस्ता किझिलकुम वाळवंटातून, साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. दिवस जातो. वाटेत एका उंचवट्यावरून अमूदर्या दिसते आणि आमची गाडी तिथे जरा जास्तच वेळ थांबली. रुंद, गढूळ, संथ नदी. आपल्या ग्रंथांतली वक्षू ती हीच मानतात. १९६०नंतर हिचं आणि सिरदर्याचं पाणी कापसाकडे वळवलं आणि एकेकाळी जगातलं चौथ्या क्रमांकाचं अरल सरोवर बहुतांशी आटून गेलं. त्या काळच्या अभियंत्यांना हे होणार हे माहीत होतं का, असं मी विचारलं. "माहीत असतं," नवरा म्हणाला. "फायलीत लिहिलेलंही असतं." गाइडने विद्यार्थी असताना शरदात कॉलेज बंद ठेवून कापूस वेचायला नेल्याचं सांगितलं. ती सक्ती आता संपली आहे. दिवसाला किती किलोचं बंधन होतं ते ती सांगत होती आणि ते दोघे खात्यातल्या सहकाऱ्यांसारखे बोलत होते.

खिव्याचा इचान-कला हा तटबंदीतला भाग १९९०मध्ये जागतिक वारसा झाला, देशातला पहिला. मातीचा तट, आत एकाला एक लागून मदरसे. काल्ता मिनार ठेंगणा आणि लठ्ठ. बांधणारा खान १८५५मध्ये लढाईत मेला आणि काम २९ मीटरवर थांबलं. जुमा मशिदीत दोनशेहून अधिक कोरीव लाकडी खांब आहेत, त्यांतले काही तर हजारेक वर्षं जुने, प्रत्येकाची नक्षी निराळी. छताच्या झरोक्यातून येणारा उजेड सोडला तर आत काळोख. मला सबंध प्रवासात सगळ्यांत आवडलेली जागा हीच. पश्चिम दरवाजाबाहेर अल-ख्वारिझ्मी बसला आहे. भारतीय दशमान अंक अरबी जगाला समजावून सांगणारा, नवव्या शतकातला गणिती. आपण त्याच्यासमोर फोटो काढावा हे योग्यच.

पहिलवान महमूदच्या समाधीत मात्र आम्हाला कोल्हापूर आठवलं. हा कवी, कातडी-फरच्या धंद्यातला, आणि अजिंक्य मल्ल, १३२६मध्ये वारला. त्याने हिंदुस्थानात जाऊन कुस्त्या मारल्या आणि बक्षीस म्हणून राजाकडून आपल्या मुलखातले बंदी सोडवून आणले, अशी आख्यायिका. नवविवाहित जोडपी तिथल्या विहिरीचं पाणी प्यायला येतात. आम्हीही प्यालो. गाइड मुलीने नवऱ्याला विचारलं, इतक्या वर्षांनी काय उपयोग?

खिवा सुंदर आहे, पण संध्याकाळी सहलींचे गट गेले की गल्ल्या ओस पडतात. तटाच्या आत आता थोडीच कुटुंबं राहतात. सोव्हिएत काळात याचं उघड्यावरचं संग्रहालय केलं, तेव्हापासून ते तसंच राहिलं आहे.

*

क्रम मोडून शाखरिसब्ज मागे ठेवलं होतं. समरकंदहून घाट ओलांडून एका दिवसात जाऊन येता येतं. तैमूरचं जन्मगाव. त्याच्या अक-सराय राजवाड्याचे, १३८०मध्ये सुरू झालेले, दोन प्रचंड कमानखांब उरलेत. मधली कमान केव्हाच कोसळली. ते मोडकेच ठेवले आहेत आणि म्हणूनच भव्य वाटतात. त्या खांबांपासून पलीकडच्या मशिदी-समाध्यांपर्यंत मधे जुनी वस्ती होती. मातीची घरं, अंगणं, बोळ, समरकंदच्या भिंतीमागे आम्ही पाहिले तसेच. २०१४नंतरच्या दोन वर्षांत ती सगळी पाडली. आता तिथे सपाट बाग आहे, फरसबंद रस्ते, कारंजी, एकसारखी दुकानं. दुपारी बाराला त्या बागेत सावली नाही आणि माणूस नाही. स्मारकांना धक्का लागलेला नाही. तरीही २०१६मध्ये युनेस्कोने शाखरिसब्जला धोक्यातल्या वारशाच्या यादीत टाकलं, कारण त्यांनी २०००मध्ये नोंदवलं होतं ते अख्खं गाव होतं, चार इमारती नव्हत्या.

माझी तक्रार ती हीच. नवा घुमट चढवला तर तो उतरवता येतो, सिमेंट खरवडून चुना लावता येतो, लोण्यावरही उपाय आहेत. उठवलेली वस्ती परत बसत नाही.

हे मी सांगलीत बसून लिहिते आहे. जुलै २०२५मध्ये शिवकालीन बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत आमच्याजवळचा पन्हाळा आहे. पन्हाळ्यावर नगरपरिषद आहे, शाळा आहेत, पिढ्यान्‌पिढ्या राहणारी घरं आहेत, आणि आता आपल्या घरांचं काय होणार ही धास्तीही आहे. सुशोभीकरणाच्या फायली कुठल्याही सरकारात फार लवकर हलतात. आमची विनंती एवढीच, माझी आणि तीस वर्षं अशा फायली पाहिलेल्या माझ्या नवऱ्याची: पन्हाळ्याचा आराखडा ज्यांच्या टेबलावर येईल त्यांनी सही करण्याआधी एकदा शाखरिसब्जच्या त्या बागेत भर दुपारी उभं राहून यावं. समरकंद त्यानंतर पाहिलं तरी चालेल.